पेशी सिद्धांत आणि कापसाचा तंतू : परभणी जिल्ह्यातील पिकाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

सजीवांच्या शरीराचा रचनात्मक व कार्यात्मक मूलघटक म्हणजे पेशी होय, ही व्याख्या माध्यमिक शाळेपासून पदवी वर्गापर्यंतचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत अचूक लिहितोही. तथापि पेशी म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर कांद्याचा पापुद्रा किंवा गालाच्या आतील भागातून काडीने खरवडून काढलेला पातळ थर एवढेच येते. पेशी ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या काचपट्टीवरची गोष्ट आहे आणि आपल्या शेतीशी, बाजारभावाशी तिचा काही संबंध नाही, असा त्याचा नकळत समज होतो. परभणी जिल्ह्यात तरी असा समज होण्याचे काहीच कारण नाही. दिवाळीच्या सुमारास मानवत, सेलू, जिंतूर या भागांतील घराघरांत जो कापूस येऊन पडतो, त्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एक संपूर्ण, एकटी पेशी होय. तो अनेक पेशींची साखळी नसून एकाच पेशीची वाढ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारी, चिमटीत धरून ताणता येणारी आणि तराजूत घालून विकली जाणारी अशी दुसरी वनस्पतिपेशी शोधूनही सापडणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखात पेशी सिद्धांताचे विवेचन याच पेशीच्या आधारे केले आहे. परिभाषेबाबत एक खुलासा आवश्यक वाटतो. मराठी विश्वकोशात या अर्थी 'कोशिका' ही संज्ञा योजलेली आहे, तर शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत 'पेशी' हा शब्द रूढ आहे. संस्कृतात 'पेशी' हा शब्द मांसपिंड, स्नायू या अर्थानेही येत असल्याने काही अभ्यासकांनी 'कोशिका' हा शब्द अधिक नेमका मानला. परंतु विद्यार्थ्यांच्या तोंडी जो शब्द आहे तोच येथे वापरणे सोयीचे होईल.

सिद्धांताची जडणघडण

इ. स. 1665 मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कप्प्यांची रचना दिसली आणि मठातील लहान खोल्यांना लॅटिन भाषेत जो शब्द आहे तो त्याने या कप्प्यांना दिला. एका घन इंचात असे 125 कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशोबही त्याने मांडला होता. हूकने जे पाहिले ते वस्तुतः मृत पेशींच्या भित्तिका होत्या. आतील सजीव द्रव्य केव्हाच नाहीसे झालेले होते. हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण फुटलेल्या बोंडातील कापूस हाही मृत पेशींच्या भित्तिकांचाच पुंजका असतो.

हूकचा समकालीन अँटनी व्हान लेव्हेनहूक हा नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी होता. कापडातील सूत तपासण्यासाठी त्या व्यवसायात भिंग वापरण्याची रीत होती. लेव्हेनहूकने स्वतः भिंगे घासून त्यांत असामान्य प्रावीण्य मिळवले आणि इ. स. 1674 नंतरच्या काही वर्षांत तळ्यातील पाणी, दातांवरील कीट, रक्त अशा कितीतरी पदार्थांत जिवंत, हालचाल करणाऱ्या सूक्ष्म पेशी प्रथमच पाहिल्या. सूत पारखण्याच्या कापड व्यापाऱ्याच्या सवयीतून सूक्ष्म सजीवांचे जग उघडावे, हा योगायोग कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील वाचकास रंजक वाटेल.

पुढील दीड शतकात निरीक्षणे साचत गेली. परंतु या कप्प्यांचा अर्थ काय, हे कोणी निश्चितपणे सांगू शकले नाही. रॉबर्ट ब्राऊन याने इ. स. 1831 मध्ये वनस्पतींच्या पेशींत केंद्रक हा नियमितपणे आढळणारा घटक आहे असे दाखवून दिले. त्यानंतर मथायस श्लायडेन याने 1838 मध्ये वनस्पतींविषयी आणि थिओडोर श्वान याने 1839 मध्ये प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, सर्व शरीरे पेशींची व पेशींपासून बनलेल्या द्रव्यांची असतात. ज्या दोन सृष्टी तोपर्यंत निरनिराळ्या मानल्या जात होत्या त्यांना एकाच सूत्रात ओवणारे हे विधान होते. मात्र पेशी निर्माण कशी होते, या प्रश्नाचे श्लायडेनने दिलेले उत्तर चुकीचे होते. द्रवातून स्फटिक जमावा त्याप्रमाणे नवी पेशी द्रव्यातून आपोआप जमते, असे त्याचे मत होते. रॉबर्ट रेमाक याने भ्रूणाच्या अभ्यासातून हे मत खोडून काढले आणि रुडॉल्फ व्हिर्को याने 1855 मध्ये 'प्रत्येक पेशी पेशीपासूनच उद्भवते' या आशयाचे लॅटिन सूत्र प्रचारात आणले. रेमाकच्या वाट्याला त्याचे श्रेय फारसे आले नाही, ही बाब पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

अशा रीतीने सिद्धांताची तीन अंगे पूर्ण झाली : सर्व सजीव पेशींचे बनलेले आहेत, पेशी हा जीवनाचा मूलघटक आहे आणि पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच निर्माण होते. यांपैकी पहिले अंग विद्यार्थ्यांना सहज पटते. दुसरे आणि तिसरे मात्र नुसते पाठ केले जाते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः या दोहोंविषयी आहे.

एका पेशीचे पन्नास दिवस

कपाशीचे फूल ज्या दिवशी उमलते, त्याच दिवशी त्याच्या बीजांडकोशातील बीजांडांवर एक विलक्षण घटना सुरू होते. बीजांडाच्या बाहेरील आवरणाचा सर्वांत वरचा थर एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. त्यांपैकी साधारणतः एकचतुर्थांश पेशी फुगीर होऊन पृष्ठभागावर वर येऊ लागतात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. वर आलेल्या पेशी यापुढे विभाजित होत नाहीत. त्या फक्त लांब होत जातात. एका सरकीवर अशा साधारणतः 10 ते 20 हजार पेशी असतात, आणि बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरल्या तर एका बोंडातील तंतुपेशींची संख्या काही लाखांच्या घरात जाते. फूल उमलल्यानंतर काही दिवसांनी पेशींची दुसरी, आखूड तुकडी उगवते. रुई काढल्यावर सरकीला चिकटून राहणारी बारीक लव ती हीच.

वाढीचा पहिला टप्पा सुमारे तीन आठवड्यांचा असतो. या काळात पेशीची लांबी 25 ते 30 मिलिमीटरपर्यंत जाते, जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासच राहते. म्हणजे लांबी ही जाडीच्या हजारपटीहून अधिक. एक इंच जाडीचा दोर कल्पिला, तर त्याच प्रमाणात तो 100 फुटांहून लांब भरेल. ही लांबी पेशीला प्राप्त होते ती पाण्याच्या दाबामुळे. पेशीच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत पोटॅशियम, मॅलिक आम्लाचे क्षार आणि शर्करा साठवल्या जातात. परासरणाच्या नियमानुसार पाणी आत ओढले जाते, आतून दाब वाढतो आणि अजून पातळ व लवचीक असलेली प्राथमिक भित्तिका ताणली जाते. शेजारच्या पेशींशी जोडणारे अतिसूक्ष्म मार्ग या वेगवान वाढीच्या ऐन काळात बंद होतात, असे संशोधनांती आढळले आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना झडप मिटलेली असावी लागते, तसाच हा प्रकार होय.

आता परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू कपाशीचा विचार करू. जून-जुलैमध्ये पेरलेले पीक फुलोऱ्यात व बोंडे धरण्याच्या अवस्थेत येते त्याच सुमारास, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाचा दीर्घ खंड पडणे हे मराठवाड्यास नवीन नाही. जमिनीतील ओल आटली की झाड प्रथम पाते व लहान बोंडे गाळते. पातेगळ हीदेखील पेशींचीच क्रिया आहे : देठाच्या बुडाशी असलेल्या विशिष्ट थरातील पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विकरांच्या योगे विरघळते आणि पाते अलग होते. जी बोंडे टिकतात त्यांतील तंतुपेशींना ताणण्यासाठी पुरेसा दाब मिळत नाही, परिणामी धागा आखूड राहतो. खंडानंतर चांगला पाऊस झाला तरी ज्या पेशींचा लांब होण्याचा काळ संपून गेला त्या पुन्हा वाढत नाहीत. एका शेतातील पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीच्या कापसात जो फरक पडतो, त्याचे एक कारण येथे आहे.

दुसरा टप्पा भित्तिका जाड होण्याचा. फूल उमलल्यापासून साधारणतः सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या सुमारास पेशी लांबीऐवजी जाडीकडे वळते आणि पुढील तीन-चार आठवडे भित्तिकेच्या आतील बाजूस सेल्युलोजचे थर चढवीत राहते. प्रद्रव्यपटलात रुतलेले प्रथिनांचे समूह शर्करेपासून सेल्युलोजच्या साखळ्या विणतात. हे समूह कोणत्या दिशेने सरकणार, हे पटलाखालील सूक्ष्मनलिका ठरवतात. पिकलेल्या तंतूच्या कोरड्या वजनापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजच असतो. इतके शुद्ध सेल्युलोज निसर्गात क्वचितच अन्यत्र आढळते. इजिप्तमध्ये कापसावर काम केलेल्या लॉरेन्स बॉल्स या संशोधकाने 1919 मध्ये असे दाखवले की, फुगवलेल्या तंतूच्या आडव्या छेदात झाडाच्या खोडातील वलयांसारखी वलये दिसतात आणि प्रत्येक वलय एका दिवसाच्या वाढीचे असते. म्हणजे एखाद्या पेशीने किती दिवस काम केले याची नोंद तिच्याच भित्तिकेत असते. दिवसा झाडाच्या पानांत तयार झालेली शर्करा आणि रात्रीची थंडी, या दोहोंचा हिशोब त्या वलयांत उमटतो.

पंचेचाळीस ते साठ दिवसांत बोंड उमलते. उन्हाने तंतू वाळतात, पेशीतील द्रव्य आटून जाते आणि पेशी मरते. आतील पोकळी कोसळल्यामुळे नळीसारखा तंतू चपटा होतो व फितीसारखा पीळ घेतो. या पिळांमुळेच तंतू एकमेकांत गुंततात आणि सूत कातता येते. पेशी जिवंत असताना तंतू सरळ, ओला व फुगलेला असतो, त्यापासून सूत निघाले नसते.

बाजारात पेशीची पारख

कापसाच्या हमीभावाची वर्गवारी धाग्याच्या लांबीनुसार आणि मायक्रोनेअर या मापानुसार केली जाते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र शासनाने मध्यम धाग्याच्या कापसास प्रतिक्विंटल 7710 रुपये व लांब धाग्याच्या कापसास 8110 रुपये हमीभाव जाहीर केला. लांबी हे पहिल्या टप्प्याचे फलित आहे हे वर आलेच. मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईतून हवा जाऊ देऊन, तिला होणाऱ्या अडथळ्यावरून काढलेले माप होय. तंतू बारीक असला किंवा त्याची भित्तिका पातळ राहिलेली असली तर हे माप कमी येते, जाड तंतूचे जास्त येते. हे माप कमी आले तर तंतू जातीनेच बारीक आहे की अपुऱ्या वाढीमुळे पोकळ राहिला आहे, हे एकट्या या आकड्यावरून कळत नाही.

ते कळण्याची एक जुनी व सोपी रीत आहे, आणि ती कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत करता येण्याजोगी आहे. काही तंतू काचपट्टीवर घेऊन त्यांवर 18 टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालावे. पिकलेले तंतू फुगून दांड्यासारखे गोल व सरळ होतात, अपक्व तंतू चपटे व पीळदारच राहतात. शंभरपट मोठे करून दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक त्यासाठी पुरतो. द्रावण त्वचेस व डोळ्यांस घातक असल्याने ते शिक्षकांनीच हाताळावे हे उघड आहे. कांद्याच्या पापुद्र्यास प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही, परंतु जेथे जिनिंगच्या आवारात रुईचे ढीग लागतात त्या जिल्ह्यात विद्यार्थ्याने पदवी घेईपर्यंत एकदाही कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहू नये, हे योग्य नव्हे. स्वतःच्या शेतातील पहिल्या वेचणीचा आणि शेवटच्या वेचणीचा तंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर पेशीभित्तिका हा शब्द त्यास पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

परभणी आणि कापसाचे संशोधन

परभणी-नांदेड भागातील गावरानी कापूस निजामाच्या राजवटीपासून प्रसिद्ध आहे. तो देशी म्हणजे आर्बोरियम प्रजातीचा. परभणी येथे 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, ज्याचे नाव 2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे, ही परंपरा पुढे चालवली. विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून एनएचएच 44 हा अमेरिकन कपाशीचा संकर आला आणि परभणीच्या महेबूब बाग प्रक्षेत्रावरील केंद्राने देशी कपाशीत लांब धाग्याचे वाण दिले. त्यांपैकी पीए 255 हा 'परभणी तुराब' आणि पीए 402 हा 'विनायक' या नावाने ओळखला जातो. देशी कापसाचा धागा आखूड व जाडाभरडा असतो ही समजूत बदलण्यास हे वाण कारणीभूत ठरले.

देशी व अमेरिकन कपाशीचा थेट संकर करणे अवघड का, याचे उत्तरही पेशीतच आहे. देशी कपाशीच्या शरीरपेशीत 26 गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52. दोहोंच्या संकरातून येणाऱ्या झाडाच्या पेशीत 39 गुणसूत्रे येतात. ते झाड वाढते, परंतु अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी सर्व गुणसूत्रांना जोडीदार मिळत नसल्याने सुदृढ परागकण व बीजांडे तयार होत नाहीत आणि झाड वांझ राहते. कॉल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून ही अडचण ओलांडण्याचे मार्ग शास्त्रज्ञांनी शोधले. अमेरिकन कपाशीची 52 गुणसूत्रे स्वतःच अशा जुन्या मीलनाचे फळ आहेत. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, आर्बोरियमच्या नात्यातील एक आणि अमेरिका खंडातील एक अशा दोन कपाशींच्या जनुकसंचांचे एका पेशीत एकत्रीकरण झाले. प्रत्येक पेशी पेशीपासूनच येते या सूत्राचा अर्थ येथे स्पष्ट होतो : आज शेतात उभ्या असलेल्या कपाशीच्या पेशीत त्या प्राचीन पेशीची परंपरा अखंड चालत आली आहे.

एका पेशीपासून संपूर्ण झाड

पेशी हा मूलघटक असेल, तर एकटी पेशी वेगळी काढून तिच्यापासून पूर्ण झाड वाढवता आले पाहिजे, असा विचार गॉटलिब हाबरलँड्ट याने 1902 मध्ये मांडला. त्याच्या हयातीत तो प्रयोगाने सिद्ध झाला नाही. पुढे 1958 मध्ये स्टीवर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशींपासून रोपे मिळवली. भारतात दिल्ली विद्यापीठातील सिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी 1964 मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले आणि ते काम जगभर मान्यता पावले. आज ऊतिसंवर्धित केळीची रोपे मराठवाड्यातील शेतकऱ्यास परिचित आहेत. बाजारातील बीटी कपाशीचा उगमही याच तत्त्वात आहे. जिवाणूचे जनुक कपाशीच्या मोजक्या पेशींत शिरवून त्या पेशींपासून पूर्ण झाड वाढवले गेले. त्यासाठी कोकर या अमेरिकन वाणाचा उपयोग झाला, कारण त्याच्या पेशींपासून रोप सहज तयार होते. अन्य वाणांत ते जनुक नंतर नेहमीच्या संकर पद्धतीने नेण्यात आले.

अळीच्या आतड्यातील पेशी

भारतात बीटी कपाशीस मार्च 2002 मध्ये आणि दोन जनुके असलेल्या तिच्या पुढील आवृत्तीस 2006 मध्ये परवानगी मिळाली. हे प्रथिन अळीस कसे मारते, याविषयी बऱ्याच गैरसमजुती आहेत. ते सर्वसाधारण अर्थाचे विष नव्हे. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, त्याचा काही भाग विकरांनी तुटतो आणि उरलेला भाग आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटतो. तेथे पेशीपटलास छिद्रे पडतात. पाणी व क्षार आत शिरून पेशी फुगते व फुटते. बोंडातील तंतुपेशी ज्या परासरणाने लांब होते, त्याच परासरणाने अळीची पेशी फुटते. मनुष्याच्या आतड्यातील पेशींवर ते ग्राही प्रथिन नसल्याने तेथे हा प्रकार घडत नाही.

हिरव्या बोंडअळीसाठी कृषी विद्यापीठे शिफारस करीत असलेला एचएएनपीव्ही हा विषाणू याच अस्तरपेशींत शिरतो, पण वेगळ्या रीतीने : तो पेशी लगेच फोडत नाही, तिच्या केंद्रकात जाऊन तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. विषाणू सजीव की निर्जीव हा वाद परीक्षेपुरता चर्चिला जातो. पेशीबाहेर विषाणू काहीच करू शकत नाही ही वस्तुस्थिती पेशी सिद्धांताला बाध आणत नाही, उलट त्यास पुष्टीच देते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

2017 मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने जे नुकसान केले ते परभणी जिल्ह्यातील शेतकरी विसरलेले नाहीत. दोन जनुकांची कपाशी असूनही अळी का मेली नाही? एक कारण अळीच्या पेशीत आहे : ज्या प्रथिनाला बीटी प्रथिन चिकटते त्याच्या जनुकात बदल झालेल्या अळ्या वाचतात व त्यांचीच प्रजा वाढते. दुसरे कारण बोंडाच्या आत आहे आणि ते समजण्यासाठी सरकीची घडण ध्यानात घ्यावी लागते.

सरकीत दोन पिढ्या एकत्र नांदतात. तिचे कवच आणि त्यावरील तंतू हे मातृझाडाच्या पेशी होत. आतील भ्रूण मात्र स्त्रीयुग्मक व पुंयुग्मक यांच्या मीलनातून आलेली नवी पिढी असते. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित वाणांच्या रूपात विकली गेली. संकरित झाडात बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेले असते, म्हणजे गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावरच असते. अशा झाडात युग्मके तयार होताना निम्म्या युग्मकांत ते जनुक जाते व निम्म्यांत जात नाही. म्हणून एका जनुकाच्या बाबतीत दर चार सरक्यांमागे सरासरी एका सरकीच्या भ्रूणात ते नसते. स्वतंत्रपणे विभागली जाणारी दोन जनुके असतील, तर दर 16 सरक्यांपैकी सरासरी 9 सरक्यांत दोन्ही, 6 सरक्यांत कोणतेतरी एक आणि 1 सरकीत एकही नसते.

बाहेरून पाहणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही. झाडाची पाने, बोंडाची साल, सरकीचे कवच, रुई या सर्वांत तेच जनुक आहे आणि धागाही एकसारखा आहे, कारण ते सारे मातृपेशींचे आहे. गुलाबी बोंडअळी मात्र सरकी खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा आणि शून्य मात्रा अशा निरनिराळ्या सरक्या मिळतात. अर्धवट मात्रेत तग धरणाऱ्या अळ्यांची निवड होण्यास याहून अनुकूल परिस्थिती मिळणे कठीण. ज्या देशांत बीटी कपाशी संकरित नसून सरळ वाणांची आहे, तेथे जनुक जोडीतील दोन्ही गुणसूत्रांवर असल्याने सर्व सरक्यांत ते उतरते. मेंडेलच्या वाटाण्यांचे 9:3:3:1 हे प्रमाण पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास हेच प्रमाण गावाशेजारच्या शेतातील बोंडात आहे, हे वर्गात सांगितले जाणे अगत्याचे आहे.

अळी सरकी खाते तेव्हा तंतूचे काय होते? तंतुपेशीला शर्करा व क्षार सरकीच्या आवरणातून मिळतात. सरकी पोखरली गेली की पुरवठा तुटतो, भित्तिका अर्ध्यावर राहते, बोंड नीट उमलत नाही आणि आतील तंतू डागाळून एकमेकांना चिकटतात. यालाच शेतकरी कवडी म्हणतात. फुलोऱ्याच्या वेळी अळीने पाकळ्या आतून गुंफल्या की फूल पूर्ण उमलत नाही. त्या डोमकळ्या वेळीच तोडून नष्ट केल्यास पुढील बोंडे काही प्रमाणात वाचतात.

फरदडीचा प्रश्न

हंगाम संपल्यावर पाणी देऊन पीक पुढे ठेवण्याची, म्हणजे फरदड घेण्याची प्रथा ओलिताची सोय असलेल्या गावांत आढळते. कृषी विभाग व विद्यापीठ फरदड घेऊ नये असे वारंवार सांगतात. त्याचे नेहमी दिले जाणारे कारण असे की, गुलाबी बोंडअळीला वर्षभर अन्न मिळत राहते आणि तिची साखळी तुटत नाही. ते योग्यच आहे. पण तंतुपेशीच्या बाजूनेही एक कारण आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री सेल्युलोज घालण्याची क्रिया मंदावते आणि दैनिक वलये पातळ पडतात. झाडाची पाने जुनी झालेली असल्याने शर्कराही कमी मिळते. अशा बोंडांतील धागा बाहेरून पांढरा दिसला तरी कॉस्टिक सोड्यात टाकल्यावर त्यांतील पुष्कळ तंतू चपटेच राहतात. फरदडीच्या कापसाला भाव कमी मिळतो याबद्दल व्यापाऱ्याला दोष दिला जातो. त्यात काही वेळा तथ्य असेलही. परंतु पुष्कळदा त्या कापसातील पेशींची भित्तिकाच पूर्ण झालेली नसते. पाणी, खत व फवारणी यांवर जो खर्च फरदडीसाठी होतो तोच वेळेवर रान मोकळे करून हरभरा किंवा ज्वारीकडे वळवावा की नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या ओलीचा व मजुरीचा हिशोब करून ठरवावयाचे आहे. मात्र तो हिशोब मांडताना शेवटच्या बोंडांतील धागा वजनात आणि मायक्रोनेअरमध्ये किती भरेल, हा आकडाही त्यात धरावा लागतो.